लोखंडाच्या मागावर बिल्बाओत

माद्रिदमध्ये शिकायला आलेल्या मराठी पोरापोरींची वीकेंडची यादी जवळपास ठरलेलीच असते. आधी तोलेदो, मग सेगोव्हिया, थोडे पैसे साठले की बार्सेलोना. माझी रूममेट सानिका नागपूरची, कलेचा इतिहास शिकते. तिला अर्थातच बार्सेलोनाला जाऊन वास्तुविशारद गाउदीच्या इमारती बघायच्या होत्या. मी मटेरियल्स इंजिनिअरिंगवाली. वर्गात एकदा टायटॅनियमवर बोलताना सरांनी बिल्बाओच्या गुगनहाइम संग्रहालयाचा फोटो दाखवला होता, तेव्हापासून ते शहर माझ्या डोक्यात होतं. त्यात आमचं घर कोल्हापूरचं आणि पप्पा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत. लहानपणापासून घरात साचा, कोअर, ओतकाम, रिजेक्शन हेच शब्द कानावर. त्यामुळे कुठल्याही गावात गेले की माझं लक्ष आधी लोखंडाकडे जातं. चित्रं नंतर.

शेवटी सौदा झाला. संग्रहालय तिचं, बिल्बाओचा जुना लोखंडी पूल माझा, आणि दोघींनी एकमेकींच्या ठिकाणी कुरकुर न करता पूर्ण वेळ थांबायचं.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. आवेनिदा दे आमेरिका स्थानकावरून बिल्बाओला दिवसभर बस असतात, साधारण पाच तासांच्या आत-बाहेर पोचतात. आम्ही शुक्रवारी संध्याकाळची घेतली. राहायला जुन्या शहरातल्या हॉस्टेलमध्ये सामायिक खोली. संग्रहालयाचं तिकीट वेळेच्या स्लॉटप्रमाणे आधीच ऑनलाइन काढावं, आणि विद्यार्थ्यांना चांगली घसघशीत सवलत असते, तेव्हा कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवावं. स्टेशनवरच्या यंत्रातून बारिक नावाचं कार्ड घ्यावं. मेट्रो, ट्राम, डोंगरावर जाणारी फ्युनिक्युलर आणि तो लोखंडी पूल, सगळीकडे तेच चालतं.

फेब्रुवारीत माद्रिदला कोरडी थंडी असते, आकाश निळंशार. बिल्बाओत उतरलो तर भुरभुर पाऊस. इथले लोक त्याला सिरिमिरी म्हणतात. छत्री उघडावी तर उगाच वाटतं, न उघडावी तर पंधरा मिनिटांत जॅकेट ओलं. पुढचे दोन्ही दिवस तो तसाच येत-जात राहिला.

शनिवारी सकाळी मेट्रो पकडली, तर शहर बघणं तिथेच सुरू झालं. बिल्बाओची मेट्रो 1995 साली सुरू झाली आणि तिची स्टेशनं ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेली. फुटपाथवर काचेचं एक वाकडं नळकांडं जमिनीतून वर आलेलं दिसतं, तेच प्रवेशद्वार. लोकांनी त्याला प्रेमाने फॉस्टेरितो नाव दिलंय. खाली उतरलं की स्टेशन म्हणजे एकच मोठी काँक्रीटची कमान. खांब नाहीत, जाहिरातींची गर्दी नाही, काँक्रीट उघडं, आणि मधला मजला वरून पोलादी दांड्यांनी टांगलेला. बोगदा खणताना त्याचा जो आकार होतो तोच स्टेशनचा आकार ठेवलाय, तो झाकायला खोटं छत केलेलं नाही. सानिका म्हणाली, "हे तर देवळाच्या गाभाऱ्यासारखं शांत आहे." मी छताकडे बघत राहिले आणि एक गाडी सुटली.

आरेता स्टेशनवर उतरून नदीच्या दिशेने चाललं की दोन गल्ल्यांच्या टोकाला तो दिसतो, विस्काया पूल. स्थानिक लोक त्याला पुएन्ते कोल्गान्ते म्हणतात, म्हणजे टांगता पूल, पण त्यावरून रस्ता जात नाही. दोन्ही काठांवर उंच मनोरे, त्यांच्यामध्ये पाण्यापासून 45 मीटर उंचीवर 160 मीटर लांबीची आडवी तुळई, आणि त्या तुळईखाली पोलादी दोरांनी टांगलेला एक पाळणा. गाड्या आणि माणसं त्या पाळण्यात चढतात आणि पाळणा पाण्याच्या थोडा वरून समोरच्या काठाला सरकत जातो. दीडेक मिनिटाचं काम. सहा गाड्या मावतात, बाजूच्या डब्यांत माणसं. तिकीट युरोच्या आतच.

असलं चमत्कारिक यंत्र का बांधलं, याचं उत्तर तिथं उभं राहिलं की समजतं. दोन्ही काठ सपाट आणि सखल, वस्ती पाण्याला चिकटलेली. खालून शिडाची उंच जहाजं जाणार, म्हणजे पूल उंच हवा, आणि उंच पुलाला लांबलचक चढ हवा, त्याला जागा नाही. उघडझाप करणारा पूल केला तर इतक्या वर्दळीच्या नदीत कायम कुणीतरी खोळंबणार. वास्तुविशारद आल्बेर्तो दे पालासिओ यांनी मग रस्ताच टांगून टाकला. पोलादी दोरांचं काम फर्दिनां आर्नोदँ या फ्रेंच अभियंत्याचं. 1893 साली पूल सुरू झाला. या जातीचा जगातला पहिला. 2006 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. हेच पालासिओ माद्रिदच्या आतोचा स्टेशनच्या लोखंडी मंडपाचेही कर्ते. म्हणजे मी ज्या छताखालून दर आठवड्याला ये-जा करते, त्याच्याच सख्ख्या भावाखाली येऊन उभी होते. ते कळल्यावर मला उगाचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

लिफ्टने वरच्या तुळईवर जाता येतं. त्याचं तिकीट वेगळं आणि महाग, पण मी हट्टाने काढलं. वर लाकडी फळ्यांची वाट आहे, दोन्ही बाजूंना जाळी. खालून बघताना पूल हलका वाटतो. वर हाताशी आल्यावर त्याची खरी बांधणी दिसते, पट्ट्या, कोन, रिव्हेटच्या रांगा. एकही मोठा जाडजूड भाग नाही, सगळं लहान लहान तुकड्यांनी विणलेलं. रंग तांबूस. इथल्या सोमोर्रोस्त्रोच्या खाणीतल्या लोहखनिजाचा रंग म्हणून तो मुद्दाम निवडलाय. 1937 मध्ये यादवी युद्धात ही वरची तुळई स्फोटाने पाडली होती. पालासिओ तेव्हा म्हातारे होते, हयात होते. पूल 1941 मध्ये पुन्हा चालू झाला.

वरून दोन्ही काठ एकदम दिसतात आणि या गावाची गोष्ट तिथूनच समजते. उजव्या काठावर लास आरेनास आणि गेचो, बंगले, बागा, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गच्च्या. डाव्या काठावर पोर्तुगालेते, सेस्ताओ, बाराकाल्दो, दाटीवाटीच्या कामगारवस्त्या. मधे नेर्वियोन नदीची खाडी. पैसा एका काठाला राहिला, घाम दुसऱ्या काठाला, आणि सकाळ-संध्याकाळ पाळणा दोघांमध्ये फिरत राहिला.

हा पैसा आला कुठून, तर मागच्या डोंगरांतून, आणि इथे माझा विषय येतो म्हणून थोडं विस्ताराने सांगते. 1856 साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्तात पोलाद करायची रीत आणली. पण सुरुवातीच्या त्या भट्टीत एक खोट होती, खनिजातला फॉस्फरस निघत नसे. फॉस्फरस राहिला की पोलाद ठिसूळ, थंडीत तर फारच. इंग्लंडमधलं बरंचसं खनिज फॉस्फरसवालं. आणि बिल्बाओच्या मागच्या डोंगरांत हेमॅटाइट हे लोहखनिज, फॉस्फरस अगदी कमी, तेही समुद्राला खेटून. मग काय, इंग्रजांच्या बोटींची रांगच लागली. जाताना खनिज, येताना दगडी कोळसा. त्या कोळशावर इथेच भट्ट्या उभ्या राहिल्या, भट्ट्यांमागे जहाजबांधणी, जहाजांमागे बँका. एका मूलद्रव्याचं प्रमाण कमी होतं म्हणून एक अख्खं औद्योगिक शहर उभं राहिलं, हे माझ्या वर्गातल्या कुणालाही सांगून पटणार नाही.

सानिका कुरकुरली नाही. जाळीतून खालच्या पाळण्याचे फोटो काढत होती. पाळण्यात एक आजी भाजीची पिशवी पायाशी ठेवून पेपर वाचत होत्या, त्यांना या सगळ्याचं काहीच अप्रूप नव्हतं.

परतताना मुद्दाम डाव्या काठाची लोकल धरली. पोर्तुगालेतेहून आबांदोपर्यंत गाडी जुन्या कारखान्यांच्या पट्ट्यातून जाते. आल्तोस ओर्नोस दे विस्काया ही स्पेनमधली बडी पोलाद कंपनी, 1902 साली तीन कंपन्या एकत्र येऊन झालेली. 1996 मध्ये तिच्या भट्ट्या विझल्या. त्यातली एक झोतभट्टी (ब्लास्ट फर्नेस) सेस्ताओत वारसा म्हणून राखून ठेवली आहे, मला ती दुरूनच दिसली. आज इथे पोलाद वितळवणं इलेक्ट्रिक भट्टीत चालतं, आणि अशी झोतभट्टी मी आधी फक्त आकृतीत पाहिलेली. आकृतीतल्यापेक्षा ती खूप अवजड आणि खूप एकटी दिसते.

आबांदो स्टेशनवर उतरल्यावर घाईत बाहेर पडू नये. फलाटाच्या टोकाला भिंतभर रंगीत काचेचं चित्र आहे, 1948 चं. त्यात शेतकरी, कोळी, खाणकामगार, भट्टीवरची माणसं, पेलोता हा भिंतीवर चेंडू मारायचा खेळ खेळणारे, आणि मधोमध स्टेशनचं घड्याळ. सानिकाने त्याच्यासमोर चांगला अर्धा तास काढला. तिचं म्हणणं, युरोपात रंगीत काच म्हणजे चर्च आणि संत, इथे संतांच्या जागी मजूर आहेत. मला ते बरोबर वाटलं. फक्त मजुरांचे कपडे फार स्वच्छ आहेत. भट्टीवरच्या माणसाचा सदरा इतका पांढरा राहत नाही, हे मी घरात पाहिलंय.

तिथून नदीकाठाने चालत संग्रहालयाकडे. आधी त्याच्या पाठीमागचा भाग लागला, आणि ते बरंच झालं, कारण पाण्याच्या बाजूने ही इमारत जास्त चांगली दिसते. फ्रँक गेरी यांची ही इमारत 1997 च्या ऑक्टोबरात उघडली. जागा मुळात गोदामं आणि रेल्वेच्या रुळांची. ला साल्वे नावाचा 1972 चा रहदारीचा पूल तिथून जात होता. त्याला टाळण्याऐवजी गेरींनी इमारत त्याच्या पोटाखालून नेली आणि पलीकडे मनोरा काढून पूल कवेत घेतला. पुलावर दानिएल ब्यूरेनची लाल कमान आहे, 2007 मध्ये बसवलेली. सानिकाला ती आवडली, मला वाटलं पूल आधीच बरा होता.

आता टायटॅनियम. सुमारे 33,000 पत्रे, जाडी 0.38 मिलिमीटर. आपल्या गावाकडच्या गोठ्यावरच्या पत्र्याहूनही पातळ. जवळून बघितलं तर एकही पत्रा ताठ सपाट नाही. प्रत्येकाला किंचित फुगवटा आहे, जोराचा वारा आला की थरथरतो. गेरींचा आधी स्टेनलेस स्टीलचा विचार होता, पण बिल्बाओच्या करड्या उजेडात ते मेलेलं दिसायचं. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या ऑफिसबाहेर खांबाला टायटॅनियमचा एक तुकडा टांगून ठेवलेला होता, आणि एका पावसाच्या दिवशी बाकी सगळं काळवंडलेलं असताना तो तुकडा सोनेरी दिसला. त्या काळात रशियन टायटॅनियममुळे भावही पडला होता, म्हणून ते परवडलं. रंगाचं कारण साधं आहे. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप चढतो, त्या थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि छटा उमटतात. रंग असा कुठेच लावलेला नाही. मी हे वर्गात शिकले होते, सूत्रासकट. पण दुपारी पावसात पंधरा मिनिटं उभं राहिल्यावर तीच भिंत आधी शिशासारखी, मग मधाच्या रंगाची, मग ढग फाटल्यावर जवळजवळ पांढरी होताना पाहिली. सूत्राने इतकी तयारी करून घेतलेली नव्हती.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. बाहेरून एवढी वळणं, पण आतला पोलादी सांगाडा बहुतेक सरळ तुळयांचा आहे. तीन-तीन मीटरच्या चौकटी, प्रत्येक तुळई वेगळ्या लांबीची आणि वेगळ्या कोनातली, आणि वळण त्यावरच्या थरांनी दिलेलं. प्रत्येक तुकड्याचं माप संगणकाने काढलं. त्यासाठी कातिया हे सॉफ्टवेअर वापरलं, जे फ्रान्सच्या दासो कंपनीने लढाऊ विमानांच्या आखणीसाठी केलं होतं. हाडं सरळ आणि कातडी वाकडी, असं मी सानिकाला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग ही फसवणूक झाली." मेट्रोत जे उघडं होतं ते इथे झाकलेलं, हा तिचा मुद्दा. त्यावर आम्ही ओल्या बाकावर बसून बराच वेळ भांडलो. माझं मत अजूनही तेच आहे. कातडी स्वतःच इतकी कसबाची असेल तर हाडं दाखवण्याची सक्ती कशाला?

नदीच्या बाजूला तलावात अनिश कपूर यांचं शिल्प आहे, आरशासारखे चकचकीत 73 पोलादी गोळे एकावर एक रचलेले. कपूर जन्माने मुंबईचे, त्यामुळे सानिकाने तिथे "आपल्या माणसाचा" फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. प्रत्येक गोळ्यात संग्रहालय, नदी, समोरचा डोंगर आणि आम्ही दोघी, वेगवेगळ्या वाकलेल्या. थोडं पुढे लुईझ बुर्ज्वाची कोळीण, जवळपास नऊ मीटर उंच, ब्राँझची. पोटाखाली जाळीच्या पिशवीत संगमरवरी अंडी. तिचं नाव मामाँ, म्हणजे आई. बुर्ज्वाची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची, धाग्याचं काम, म्हणून कोळीण. मी तिच्या पायांकडे ओतकामाच्या नजरेने बघत होते. एवढे लांब आणि गाठी-गाठींचे पाय एका ओतात निघणं शक्य नाही, तुकडे ओतून जोडलेले असणार. सानिका माझ्यावर वैतागली. "ती आई आहे, फाउंड्रीतला जॉब नाही!"

शहराच्या बाजूच्या प्रवेशाशी जेफ कून्सचं फुलांचं कुत्र्याचं पिल्लू आहे. फुलं वर्षातून दोनदा बदलतात. आम्ही गेलो तेव्हा थंडीची पॅन्सी लावलेली होती. लहान मुलं आणि सेल्फीवाले. पण उद्घाटनाच्या काही दिवस आधी इथेच, बिल्बाओ ज्या बास्क प्रदेशात आहे त्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एटा या सशस्त्र संघटनेची माणसं माळ्यांच्या वेशात स्फोटकं कुंड्यांत लपवून घेऊन आली होती. बास्क पोलीस चेमा आगिर्रे यांना संशय आला, आणि त्यांना गोळी लागून त्यांचा जीव गेला. त्या चौकाला आज त्यांचं नाव आहे. ते पाहिल्यावर पिल्लू पूर्वीसारखं गोड दिसेना.

आत वरच्या मजल्यावरची प्रदर्शनं मी भराभर पाहिली, खोटं कशाला बोलू. सानिका जेनी होल्झरच्या दिव्यांच्या खांबांपाशी थांबली. जमिनीपासून छतापर्यंत उंच उभे खांब, त्यांवरून शब्द वर सरकत जातात, पुढून लाल आणि पाठीमागून निळे. मजकूर एड्सच्या काळातल्या मृत्यू आणि विरहाबद्दलचा. ती तिथून बराच वेळ हलली नाही, मीही गप्प उभी राहिले. सौदा तसाच ठरला होता.

माझा जीव मात्र तळमजल्यावरच्या लांब दालनात अडकला. 130 मीटर लांब, मधे एक खांब नाही, आणि आत रिचर्ड सेरांची आठ पोलादी शिल्पं, "द मॅटर ऑफ टाइम". त्यातलं "स्नेक" उद्घाटनापासूनचं, बाकीची 2005 मध्ये आली. सगळी मिळून हजार टनांहून जास्त. प्लेटची जाडी पाच सेंटीमीटर, उंची दोन माणसांहून जास्त. पोलाद गंजणाऱ्या जातीचं, ज्यावर तांबं-क्रोमियमसारख्या मिश्रणामुळे गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच थर आतल्या पोलादाला पुढच्या गंजापासून वाचवतो. रंग एकेका शिल्पाचा वेगळा, कुठे नारिंगी, कुठे जांभळट तपकिरी.

त्यातली काही शिल्पं पिळलेल्या लंबवर्तुळांची. कल्पना करा, जमिनीवर एक लंबवर्तुळ आणि वर तेवढंच दुसरं, फक्त थोडं फिरवलेलं, आणि दोन्ही जोडणारी पोलादी भिंत. त्यामुळे भिंत एका ठिकाणी तुमच्या अंगावर येते आणि चार पावलांवर मागे झुकते. मधल्या बोळातून चालताना खांदा आपोआप आत घेतला जातो. पावलांचा आवाज बदलतो. कुठे घुमतो, कुठे पूर्ण शोषला जातो. मग अचानक बोळ संपतो आणि मोकळी जागा लागते, जिथे वर फक्त दालनाचं छत. सेरा तरुणपणी शिक्षणाच्या खर्चासाठी पोलाद कारखान्यात काम करत, आणि त्यांची पहिली पिळलेली वर्तुळं अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या जहाजगोदीतल्या प्लेट वाकवायच्या यंत्रावर झाली. म्हणजे जहाजाचं अंग वाकवणारं यंत्र. मला तिथे राहून राहून तेच सुचत होतं, की या नदीकाठी शंभर वर्षं हेच काम झालं, आणि आता तसंच पोलाद तिकीट काढून बघायला ठेवलंय. हे दालन ज्या आर्सेलोर कंपनीच्या नावाने ओळखलं जायचं, तीही पोलादाचीच, 2006 मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीत मिसळलेली.

शेजारच्या खोलीत या शिल्पांचे लहान नमुने आहेत, ते आधी बघावेत की नंतर यावर दुमत असू शकतं. माझं मत, नंतर. आधी हरवावं.

संध्याकाळी हॉस्टेलकडे परतताना सुबिसुरी हा वास्तुविशारद कालात्राव्हाचा पांढरा पादचारी पूल ओलांडला. दिसायला देखणा, पण काचेची जमीन आणि बिल्बाओचा पाऊस, लोक इतके घसरायचे की पालिकेला वर चटई अंथरावी लागली. आमच्या पायांखाली तीच काळी चटई होती. जुन्या शहरात, सात गल्ल्यांत, पिन्चोंची दुकानं खच्चून भरलेली. पावाच्या तुकड्यावर काहीबाही ठेवून काडी टोचलेले घास, काउंटरवर मांडलेले. सानिका शाकाहारी. तिला बटाट्याचं ऑम्लेटही चालत नाही, त्यामुळे मश्रूम, चीज आणि भाजलेल्या मिरच्यांवर तिने काढलं. मी खिल्दा खाल्लं, ऑलिव्ह, लोणच्याची मिरची आणि खारवलेला अँकोव्ही मासा. एका काडीत आंबट, तिखट, खारट. कोल्हापूरच्या जिभेला स्पेनमध्ये पहिल्यांदा काहीतरी लागलं.

रात्री पप्पांना फोन लावला. टायटॅनियमचं त्यांना विशेष वाटलं नाही, "महाग मटेरियल, दिसणारच." सेरांच्या प्लेटचं सांगितल्यावर मात्र आवाज बदलला.

"पन्नास एमएम? आणि गरम न करता वाकवलीय?"

"होय पप्पा, थंडच."

"रोलिंग मशीन केवढं आसंल गं ते. आणि उभी कशी ऱ्हाती?"

"स्वतःच्या आकारावर. पिळामुळे तोल राहतो."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि एवढं करून उपयोग काय त्याचा?" मी म्हटलं, आत शिरून चालायचं. "बरं," म्हणाले, "चालून ये मग."

रविवारी सकाळी प्लासा नुएव्हात कमानींखाली जुनी पुस्तकं, नाणी, टपाल तिकिटं यांचा बाजार भरतो. सानिकाने तिथे जुनी चित्रकार्डं घेतली. नंतर आस्कुना सेंत्रोआ. मूळ 1909 ची दारूची वखार, रिकार्दो बास्तिदा यांनी बांधलेली. कित्येक वर्षं पडून होती, मग डिझायनर फिलिप स्टार्कच्या आखणीने 2010 मध्ये सांस्कृतिक केंद्र झाली. आत 43 बुटके खांब, प्रत्येक वेगळ्या घडणीचा. डोक्यावर काचेच्या तळाचा पोहण्याचा तलाव, खालून वर बघितलं की पोहणाऱ्यांचे पाय दिसतात. प्रवेश फुकट. पावसात गावातली म्हातारी माणसं तिथे येऊन पेपर वाचत बसतात. मला हे ठिकाण गुगनहाइमइतकंच महत्त्वाचं वाटलं, पण इथे सेल्फी काढणारं कुणी नव्हतं.

एक चकचकीत संग्रहालय बांधलं आणि मरायला टेकलेलं शहर उठलं, ही बिल्बाओची गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि अनेक शहरांनी ती ऐकून चकचकीत इमारती उभारल्या. दोन दिवस फिरल्यावर मला ती अर्धीच वाटते. 1983 च्या पुराने जुनं शहर बुडालं होतं, त्याची दुरुस्ती आधी झाली. नदीत सांडपाणी आणि कारखान्यांची घाण जायची, ती थांबवण्यावर संग्रहालयापेक्षा कितीतरी जास्त पैसा गेला. मेट्रो त्याआधीची. बंदर समुद्राच्या तोंडाशी हलवलं, म्हणून काठ मोकळे झाले. जमिनी एकत्र करून विकसित करायला 1992 मध्ये बिल्बाओ रिया 2000 ही सरकारी संस्था काढली. सांडपाण्याच्या नळीचा फोटो कुणी काढत नाही, एवढंच.

बस सुटायच्या आधी थोडा वेळ होता आणि स्थानकाजवळच जुनी एउस्काल्दुना गोदी. 1980 च्या दशकात ती बंद पडताना कामगारांनी इथे मोठा लढा दिला होता. आज तिथे 1999 चं संगीत आणि परिषदांचं सभागृह आहे. तेही गंजत्या पोलादाचं, अर्धवट बांधलेल्या जहाजासारखं मुद्दाम केलेलं. बाजूला कोरड्या गोद्यांमध्ये सागरी संग्रहालय. बाहेर जुनी तांबडी क्रेन उभी ठेवली आहे, कारोला. पाऊस थांबला होता. सानिका सभागृहाचे कोन टिपत होती. मी क्रेनच्या वजन उचलायच्या आकड्याचा फोटो काढून पप्पांना पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा केवढं कास्टिंग."

बस महामार्गाला लागेपर्यंत उत्तर आलं, "आकडा फोर्जिंगचा आसतोय, ठोकून घडवलेला. कास्टिंग चालत न्हाई तिथं."